शोधनिबंधावर नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे संशोधन नियतकालिकांत, म्हणजे ज्यांना सर्रास जर्नल म्हटले जाते त्यांत, निबंध छापून आणण्याच्या व्यवहाराविषयी होती. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे वगळली आहेत आणि पत्रे आटोपशीर केली आहेत. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगून ठेवणे बरे. या व्यवहारात ज्याच्या हाती अधिकार जास्त, त्याची जबाबदारीही जास्त असली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे मात्र नियमांचा बडगा बहुतेक वेळा विद्यार्थ्यावर आधी पडतो आणि मार्गदर्शक, संपादक व संस्था यांच्यापर्यंत पोहोचेतो त्याचा जोर ओसरलेला असतो.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत आहे. माझ्या पहिल्या पेपरसाठीचे क्षेत्रकाम, नोंदी, विश्लेषण आणि लेखन मी केले. गाईडसरांनी विषयाची दिशा दिली आणि मसुद्यात चांगल्या सुधारणा सुचवल्या. आता ते म्हणतात की पहिले नाव त्यांचे, दुसरे विभागप्रमुखांचे, तिसरे माझे आणि चौथे दुसऱ्या महाविद्यालयातील त्यांच्या मित्राचे राहील, कारण त्या मित्राच्या पदोन्नतीच्या फाईलला एक पेपर कमी पडतो आहे. मी नकार दिला तर पुढची वर्षे कशी जातील हे वेगळे सांगायला नको. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील चार नावांपैकी दोनच नावांना तिथे असण्याचा अधिकार आहे, तुमच्या आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या. हे माझे वैयक्तिक मत नव्हे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती १९७८ मध्ये व्हँकूव्हर येथील बैठकीतून आकाराला आली, तिने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत आणि आज वैद्यकाबाहेरची अनेक नियतकालिकेही त्याच अटी प्रमाण मानतात. संशोधनाची कल्पना, आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचा अन्वयार्थ यांत भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा आशयाच्या अंगाने तो कसून दुरुस्त करण्यात सहभाग असावा. छापावयाच्या अंतिम रूपाला संमती असावी. आणि निबंधाच्या कोणत्याही भागाविषयी शंका निघाली तर तिचा छडा लागेपर्यंत उत्तरदायी राहण्याची तयारी असावी. या चारही अटी एकाच माणसाने पूर्ण करायच्या असतात. विभागप्रमुखांनी प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली असेल तर त्यांची जागा ऋणनिर्देशात आहे. मित्राची जागा कुठेच नाही.

चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे लेखकपद हे श्रेयाबरोबर जामीनकीचेही पद ठरते. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कोविडच्या सुमारे ९६,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध आला आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधामुळे रुग्णांना धोका संभवतो असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवलाही. पुढे असे उघड झाले की त्या नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या कंपनीच्या ताब्यात होत्या, कंपनीचा प्रमुख स्वतः चार लेखकांपैकी एक होता आणि उरलेल्या तिघांनी मूळ नोंदी पाहिलेल्याच नव्हत्या. पडताळणीसाठी नोंदी मागितल्यावर त्या मिळेनात, तेव्हा या तिघांनी ४ जून रोजी निबंध मागे घेतला आणि त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननेही याच कंपनीच्या नोंदींवरचा दुसरा निबंध मागे घेतला. नामांकित संस्थांतील माणसांची नावे होती, म्हणून जगाने विश्वास ठेवला. तुमच्या मार्गदर्शकांचे मित्र ज्या क्षेत्रनोंदींवर, ज्या पानांच्या मोजमापांवर आपले नाव घालू पाहत आहेत ती त्यांनी कधी पाहिलेली नाहीत, आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर ते काय उत्तर देणार आहेत?

नावांच्या क्रमाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रयोगाधारित विज्ञानांत सर्वांत जास्त काम करणाऱ्याचे नाव पहिले आणि मार्गदर्शकाचे शेवटी, पत्रव्यवहाराची जबाबदारीही मार्गदर्शकाकडे, असा संकेत आहे. गणितात बहुधा वर्णानुक्रम पाळतात. इतिहासात किंवा मराठी साहित्याच्या अभ्यासात पुष्कळदा एकट्याचाच निबंध असतो. तुमच्या विषयात तुमचे नाव पहिले असणे संकेताला धरून आहे.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. एकटीने वाद घाला असा सल्ला मी देणार नाही, कारण त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल. त्याऐवजी निबंध पाठवण्यापूर्वी सर्वांना एक साधा ईमेल करा आणि त्यात संकल्पना, क्षेत्रकाम, विश्लेषण, लेखन, मार्गदर्शन अशा कामांपुढे ज्याचे त्याचे नाव लिहून ‘जर्नलला योगदानाचे निवेदन द्यावे लागते, कृपया तपासून कळवावे’ एवढेच म्हणा. पुष्कळ जर्नले असे निवेदन खरोखरच मागतात आणि त्यासाठी चौदा प्रकारच्या कामांची एक प्रमाणित यादीही वापरात आहे. रिकाम्या रकान्यापुढे नाव लिहिताना माणूस विचारात पडतो, असा अनुभव आहे. क्षेत्रवही, तारखांसह छायाचित्रे आणि मसुद्यांच्या जुन्या प्रती जपून ठेवा. वाद झालाच तर जर्नलचा संपादक लेखकांमध्ये निवाडा करत नाही, तो प्रकरण संस्थेकडे पाठवतो, आणि तिथे कागदच बोलतात. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलेला असलाच पाहिजे ही २००९ पासूनची अट विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची वेगळी अट ठेवली आहे का हे पाहा; ठेवली नसेल तर ‘आत्ताच छापले नाही तर पदवी अडेल’ या धाकाला अर्थ उरत नाही.

आणि हे सदर वाचणाऱ्या मार्गदर्शकांना एक विनंती. मित्राची फाईल भरण्यासाठी तुम्ही दिलेले नाव तुमच्या खिशातून जात नाही, ते तुमच्या विद्यार्थ्याच्या वाट्यातून जाते.

प्रश्न : मी खानदेशातील एका वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर नेहमी असे संदेश येतात : ‘सर्व विषयांचे पेपर स्वीकारले जातील, मराठी, हिंदी, इंग्रजी, आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह शुल्क १,५०० रुपये.’ बरेच सहकारी तिथे पेपर देतात. आता केअर लिस्ट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी, तीही बंद झाली आहे. पैसे देऊन छापणे चूक आहे का, आणि चांगले जर्नल ओळखायचे कसे?

उत्तर : आधी पैशांविषयी. शुल्क घेणे हा मुळात दोष नाही. जे जर्नल वाचकांना मोफत असते ते आपला खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेते आणि जगातील काही उत्तम जर्नले यासाठी हजारो डॉलर आकारतात. प्रश्न असा विचारायचा की शुल्क भरल्यानंतरही निबंध नाकारला जाण्याची शक्यता आहे का. तीन दिवसांत छापून देण्याचे वचन जो देतो, त्याने निबंध कोणा जाणकाराकडे पाठवायचा नाही हे आधीच ठरवलेले असते. जाणकाराला निबंध नीट वाचून अभिप्राय द्यायला आठवडे लागतात, कधी महिने लागतात.

संदेशातील प्रत्येक शब्द तपासून पाहू. आयएसएसएन हा आठ आकड्यांचा ओळखक्रमांक आहे; भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयाकडून मिळतो आणि अर्ज केला की साप्ताहिकालाही मिळू शकतो. गाडीच्या नंबरप्लेटवरून चालकाला गाडी येते की नाही हे जसे कळत नाही, तसे या क्रमांकावरून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर ही क्लॅरिव्हेट या कंपनीकडून दरवर्षी जाहीर होणारी संख्या आहे. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या निबंधांना चालू वर्षात किती संदर्भ मिळाले, त्याला त्या निबंधांच्या संख्येने भागून ती काढतात. म्हणजे काल सुरू झालेल्या जर्नलला ती असूच शकत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे ७.८ हे असल्याच कुठल्या तरी दुकानातून विकत घेतलेले असतात. ‘सर्व विषय’ या शब्दांकडेही पाहा. एकाच अंकात जीएसटी, दलित आत्मकथने, माशांचे प्रजनन आणि क्रीडा मानसशास्त्र असेल तर ते सारे निबंध पारखणारे संपादक मंडळ कोणते असेल? मंडळातील दोन नावे निवडा, त्या व्यक्तींच्या विद्यापीठाच्या पानावरून त्यांना ईमेल करा आणि आपण या मंडळावर आहात का असे विचारा. उत्तरे पुष्कळदा धक्कादायक असतात.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही, पण आपला वाटा मोठा आहे हे मान्य करावे लागेल. सायन्स या नियतकालिकासाठी २०१३ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट निबंध ३०४ मुक्तप्रवेश, म्हणजे वाचकांना मोफत असणाऱ्या, जर्नलांकडे पाठवला. त्यांतील १५७ जर्नलांनी तो स्वीकारला आणि त्यांत भारतातून चालणारी जर्नले मोठ्या संख्येने होती. हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा लावला होता. तज्ज्ञांकडून परीक्षण होते असा खोटा प्रचार, निबंध स्वीकारल्यानंतर पुढे येणारे शुल्क आणि संमतीशिवाय वापरलेली संपादकांची नावे असे आरोप त्यात होते, आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला.

याद्यांचा इतिहासही बोलका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी आणली, तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीने वाटेल ते शिरले आणि मे २०१८ मध्ये एकाच फटक्यात ४,३०५ नावे काढावी लागली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाच्या मदतीने केअर लिस्ट तयार झाली, २०१९ पासून ती वापरात होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद करून जर्नल पारखण्यासाठी काही सूचक निकष दिले. केअर लिस्टच्या काळात आणखी एक प्रकार बोकाळला. जुन्या, प्रतिष्ठित, प्रामुख्याने छापील स्वरूपात निघणाऱ्या त्रैमासिकांचे नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब संकेतस्थळे काढली गेली, आणि प्राच्यविद्येला वाहिलेल्या नियतकालिकांच्या नावाखाली यंत्रशास्त्राचे पेपर पैसे घेऊन छापले गेले. म्हणून जर्नल जुने वाटले तरी मूळ संस्थेच्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

यादी गेली याचे मला फारसे दुःख नाही, कारण यादी असली की कोणी निबंध वाचत नाही. आता वाचण्यावाचून गत्यंतर नाही. जर्नलचे मागचे तीन अंक काढा आणि तुमच्या विषयाचे दोन निबंध शेवटपर्यंत वाचा. ते तुम्ही तुमच्या एम.कॉम.च्या वर्गाला वाचायला द्याल का, एवढा एक निकष पुरेसा आहे.

तुमच्या सहकाऱ्यांना मी सरसकट दोषी धरत नाही. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी निबंधांना गुण लावले आणि आठवड्याला सोळा तास शिकवून परीक्षेची व प्रवेशाची कामे करणाऱ्या, ग्रंथालयात धड एक जर्नल नसलेल्या शिक्षकाकडून संख्या मागितली. ज्या निवड समित्या फाईलमधली प्रमाणपत्रे मोजतात आणि एकही निबंध उघडून पाहत नाहीत, त्यांनी ही बाजारपेठ पोसली आहे. तरीही दीड हजार रुपये भरून छापलेला निबंध पुढे कोणीतरी विद्यार्थी खरा समजून वाचेल, त्यातील आकडे आपल्या प्रबंधात घेईल, ही गोष्ट उरतेच आणि तिची जबाबदारी नाव घालणाऱ्यावरच येते.

प्रश्न : माझ्या मराठीतील प्रबंधाचा साम्य अहवाल, म्हणजे इतर मजकुराशी किती भाग जुळतो याचा सॉफ्टवेअरने काढलेला आकडा, ९ टक्के आला आहे. गाईड म्हणतात, दहाच्या आत आहे म्हणजे वाङ्मयचौर्य नाही. हे बरोबर आहे का? (मुंबई)

उत्तर : नियमापुरते बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; १० ते ४० टक्क्यांपर्यंत जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो; ४० ते ६० असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही; आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांतील व संदर्भ दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि ओळीने चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य यातून वगळले आहे.

सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजते. ते शब्द कोणाचे आणि का जुळले हे त्याला कळत नाही. नऊ टक्के म्हणजे दोनशे पानांत अठरा पाने, आणि ती अठरा पाने जर तुमच्या मुख्य निष्कर्षाचीच असतील व दुसऱ्याची असतील, तर तो आकडा तुम्हाला वाचवू शकणार नाही. उलट एखाद्या कायद्याच्या अभ्यासात २५ टक्के साम्य निर्दोष असू शकते.

मराठीच्या बाबतीत तर हे अहवाल आणखी तोकडे पडतात. मराठीतील फारच थोडी जुनी पुस्तके आणि मासिके संगणकावर शोधता येण्याजोग्या रूपात आहेत. १९६० च्या दशकातल्या एखाद्या मासिकातून उतरवलेली चार पाने सॉफ्टवेअरला सापडणार नाहीत. इंग्रजी ग्रंथातील प्रकरण मराठीत आणून आपल्या नावावर खपवले तर तेही बहुतेक वेळा सुटते, आणि हा आपल्याकडील सर्वांत जुना व सर्वांत कमी बोलला गेलेला चौर्यप्रकार आहे. भाषांतर हे मोलाचे काम आहे. ते करावे आणि मूळ लेखकाचे नाव मोठ्या अक्षरांत द्यावे.

ओघाने एक सांगतो. स्वतःचाच इंग्रजी निबंध मराठीत छापणे यात गैर काही नाही. दोन्ही संपादकांची संमती घ्यावी आणि मराठी निबंधाच्या पहिल्याच पानावर मूळ निबंध कुठे व कधी आला ते लिहावे. संशोधन ज्या समाजावर झाले त्याच्या भाषेत ते परत यावे ही तर मी जबाबदारीच मानतो. मात्र तोच निबंध नवा म्हणून पदोन्नतीच्या फाईलला दुसऱ्यांदा लावता येणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे परीक्षणासाठी आलेला एक निबंध माझ्या प्रयोगशाळेत चालू असलेल्या कामाच्या फार जवळचा आहे. मी परीक्षण करावे का? वेळ कमी असल्याने विद्यार्थ्याकडून किंवा एआयच्या मदतीने मसुदा करून घेतला तर चालेल का? (पुणे)

उत्तर : संपादकांना आजच कळवा की आपले काम याच प्रश्नावर चालू आहे, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. बहुधा ते दुसरा परीक्षक शोधतील. तोवर निबंध पुढे वाचू नका. अशा निबंधावर मुद्दाम जादा प्रयोग सुचवून तो तीन महिने लांबवायचा आणि दरम्यान आपला पुढे काढायचा, ही गोष्ट घडते आणि बाहेरून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच ती परीक्षकाच्या सचोटीवर सोडावी लागते.

विद्यार्थ्याला परीक्षण शिकवणे चांगले आहे, पण संपादकांची आधी परवानगी घ्या आणि अहवालात त्याचे नाव द्या. सार्वजनिक एआय साधनात मात्र तो निबंध टाकू नका. अप्रकाशित निबंध ही लेखकाने विश्वासाने दिलेली वस्तू आहे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तर अनुदानाच्या अर्जांच्या परीक्षणात अशा वापराला २०२३ मध्ये स्पष्ट मनाई केली आहे. वेळ नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. दोन-तीन योग्य नावे सुचवलीत तर संपादकाला त्याची मदतच होते.

प्रश्न : मी औषधशास्त्रात संशोधन करतो. दोन वर्षांपूर्वी छापलेल्या आमच्या निबंधात मात्रेच्या गणनेत चूक झाल्याचे नुकतेच माझ्या लक्षात आले. दुरुस्त आकड्यांनी मुख्य निष्कर्ष टिकत नाही. ज्येष्ठ सहलेखक म्हणतात की कोणाच्या लक्षात आलेले नाही, निबंध मागे घेतला तर आयुष्यभराचा डाग लागेल. (नाशिक)

उत्तर : निबंध मागे घ्यावा लागेल आणि तो लवकर घ्यावा. चूक किरकोळ असती तर दुरुस्तीपत्र पुरले असते. निष्कर्षच टिकत नाही म्हणता, तेव्हा मागे घेण्याला पर्याय राहत नाही. संपादकांना पत्र लिहा, चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली ते सांगा, जुनी व नवी गणना दोन्ही जोडा. मागे घेण्याच्या सूचनेत ‘लेखकांनी स्वतः गणनेतील चूक निदर्शनास आणली’ असे वाक्य असावे असा आग्रह धरा. प्रामाणिक चूक आणि बनवाबनवी यांतला फरक त्या एका वाक्याने वाचकाला कळतो.

डागाविषयी एक उदाहरण देतो. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१९ मध्ये सायन्समध्ये छापलेल्या त्यांच्या एका निबंधातील निष्कर्ष पुन्हा प्रयोग केल्यावर येईनात आणि प्रयोगवहीतील नोंदीही अपुऱ्या निघाल्या, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये त्यांनी तो मागे घेतला आणि आपण आपले काम नीट केले नाही असे स्वतः जाहीरपणे लिहिले. जगभरच्या संशोधकांनी त्यांचे कौतुक केले.

याच्या विरुद्ध टोकाला वेकफिल्ड प्रकरण आहे. १९९८ मध्ये लॅन्सेटने केवळ १२ मुलांवरील निरीक्षणांचा एक निबंध छापला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी असावा असा संशय त्यातून पसरला. मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे आर्थिक हितसंबंध वाचकांना सांगितले गेले नव्हते. ते २००४ मध्ये एका पत्रकाराने उघड केले, त्या वर्षी १३ पैकी १० लेखकांनी निबंधाच्या अन्वयार्थापासून फारकत घेतली, तरी निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. मधल्या काळात इंग्लंडमधील लसीकरणाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि गोवर परतला. बारा वर्षांचा हा विलंब लेखकाइतकाच नियतकालिकाच्याही माथी येतो. मला हे प्रकरण संपादकांना पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते, कारण छापण्याची घाई आणि दुरुस्तीची दिरंगाई हा दोष त्यांच्याकडून सर्रास घडतो.

तुमचा विषय औषधाच्या मात्रेचा आहे. तो निबंध वाचून कोणी पुढचा प्रयोग आखला असेल, त्यात प्राणी असतील, कदाचित रुग्णही असतील. सहलेखकांना हे शांतपणे सांगा आणि एक मुदत द्या. त्यांनी संमती दिली नाही तरी तुम्ही एकटे संपादकांना लिहू शकता. सर्व लेखक राजी नसतानाही निबंध मागे घेण्याचा अधिकार संपादकाला असतो.

प्रश्न : आमची एक जुनी संस्था आहे आणि तिचे मराठी त्रैमासिक आम्ही दोघे-तिघे, मानधनाशिवाय, चालवतो. निबंध इतिहास आणि लोकसाहित्याचे असतात. मोठ्या जर्नलांसारखी यंत्रणा आमच्याकडे नाही. आमच्याकडून कोणत्या किमान गोष्टींची अपेक्षा करावी? शिवाय आमचे एक विश्वस्त दरवर्षी स्वतःचा लेख देतात आणि तो छापावाच लागतो.

उत्तर : तुमच्यासारख्या त्रैमासिकांनीच मराठीत संशोधनाची भाषा घडवली आहे, त्यामुळे हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला. यंत्रणा नसली तरी फारसे अडत नाही. प्रत्येक निबंध संपादकाखेरीज किमान एका जाणकाराने वाचावा आणि त्याचा लेखी अभिप्राय, टपालाने आलेला असो की फोनवर ऐकून तुम्ही टिपलेला असो, तारीख घालून फाईलमध्ये राहावा. लेखकाला होकार वा नकार ठराविक मुदतीत कळवावा. आपल्याकडील कितीतरी तरुण अभ्यासक वर्ष-वर्ष उत्तराची वाट पाहतात आणि मग त्या व्हॉट्सॲपवाल्यांकडे जातात. नाकारताना चार ओळींत कारण लिहिलेत तर तो निबंध पुढच्या वर्षी सुधारून तुमच्याकडेच येईल.

लोकसाहित्यात एक वेगळी जबाबदारी येते. ओव्या सांगणाऱ्या बाईचे, कथा सांगणाऱ्या गोंधळ्याचे नाव, गाव आणि संमती निबंधात असली पाहिजे, अर्थात त्यांना नाव द्यायचे असेल तर. संकलकाचे नाव ठळक आणि गाणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख ‘एक वृद्ध स्त्री’ असा, ही जुनी रीत आता सोडावी. इतिहासाच्या बाबतीत कागद कोणत्या दप्तरात, कोणत्या घराण्याकडे पाहिला हे दिलेच पाहिजे, आणि मालकाने प्रत काढू दिली नसेल तर तसे लिहावे. निबंधावर आक्षेप आला तर तो लेखकाच्या उत्तरासह छापावा. चूक निघाली तर पुढच्याच अंकात, अनुक्रमणिकेत दिसेल अशा जागी दुरुस्ती द्यावी. मलपृष्ठाच्या कोपऱ्यात देऊ नये. संकेतस्थळावर अंक ठेवत असाल तर मूळ पान गुपचूप बदलू नका, त्याला तारखेसह टीप जोडा.

विश्वस्तांविषयी. त्यांनी लेख देऊ नये असे नाही, ते अभ्यासक असतील तर त्यांचाही हक्क आहे. पण तो लेख संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्या अभ्यासकाकडे लेखकाचे नाव काढून पाठवा, त्यांच्या अभिप्रायावरचा निर्णय मंडळातील ज्या सदस्यावर विश्वस्तांचा सर्वांत कमी प्रभाव आहे त्याच्याकडे द्या, आणि लेख छापला तर त्याखाली ‘लेखक या संस्थेचे विश्वस्त आहेत, लेखाचे परीक्षण संस्थेबाहेरील तज्ज्ञाने केले आहे’ अशी एक ओळ छापा. हाच नियम संपादकांच्या स्वतःच्या लेखालाही लावा, आणि शक्य तर आधी तुमच्याच एखाद्या लेखापासून सुरुवात करा, म्हणजे विश्वस्तांसमोर विषय काढणे सोपे जाईल. नियम येत्या अंकाच्या आतल्या मुखपृष्ठावर छापून टाका. तो त्यांच्या पुढच्या लेखाच्या आधी वाचकांच्या हाती गेलेला असू द्या.